सरासरी मुक्काम

साखर पेठेत दवाखाना होता तेव्हा
मागांच्या खडखडाटातून
छातीचे ठोके वेगळे काढता यायचे मला.

आता होटगी रोड, तिसरा मजला.
पडद्यावर खाटा: भरलेल्या हिरव्या, रिकाम्या लाल.
सरासरी मुक्काम चार पूर्णांक दोन दिवस;
तो चाराच्या आत आणायचा, हे माझं काम.

बेड एकवीस, राजमणी गुंडेटी. सहावा दिवस.
क्लेम अडकलाय.
डिस्चार्जवर सही करण्याआधी खाली उतरलो, उगाच.

चादरीच्या काठावर ती
नसलेली विडी वळत होती.
"आजारी होता का ओ डॉक्टर?
दिसलाच नाही."

स्टेथोस्कोप वर, ड्रॉवरमध्ये.
मी तिच्या पाठीला कान टेकवला.

उजवीकडे, खाली, अजून
कुणीतरी कोरडा तंबाखू चुरत होतं.

चारच्या मीटिंगला
सरासरी: चार पूर्णांक तीन.