रवास द्राक्षे

धात्रक सरांच्या क्लासला पाटी नव्हती.
रविवार कारंजावरून आत, भांडीबाजाराच्या अंगाला,
कागदाच्या गोदामावरचा माळा,
आणि खाली तांब्या-पेल्यांवर नावं घालणाऱ्याची टकटक.
मी मोहाडीहून यायचो, सकाळच्या एसटीनं.
कोरल येतं, फोटोशॉप येतं, म्हणालो पहिल्या दिवशी.
सर म्हणाले, रेघ येते का?

तीन आठवडे रेघ.
बोरू तासायचा, टोक तिरपं छाटायचं,
उभी, आडवी, परत उभी.
चौथ्या आठवड्यात ग मिळाला,
तोही काना सोडून.
'काना किती लांब उभा करायचा ते आधी ठरव.
फार जवळ आला तर गुदमरतो,
फार लांब गेला तर
शेजारच्या अक्षराचा होतो.'

मी मनात हसलो.
त्याच महिन्यात काकांच्या पॅकहाऊसचं काम आलं:
द्राक्षांची पेटी, चार किलोची.
जांभळा घड, सोनेरी कड, सहा फॉण्ट
आणि मधोमध 'खास द्राक्षे'.
दोन हजार छापून आल्या.
गाडी भरताना सुकदेव हमाल
एकेक अक्षर लावत वाचत गेला:
र... वास... द्राक्षे.
'हे रवास कोण? नवे व्यापारी का?'
हंगाम संपेपर्यंत गावात मी रवासशेठ.

सर हसले नाहीत.
पेटीला भिंग लावलं,
पस्तीस वर्षं नाशिकरोडच्या प्रेसमध्ये
तिकिटांच्या ठशांना लावलं असेल तसं.
'र आणि व यांनी खालून हात धरला की ख.
नाहीतर दोघं आपापल्या घरी.'
मग सुरी घेतली
आणि माझे पाच फॉण्ट कापून काढले.
घड काढला. कड काढली.
पुठ्ठ्याला भोकंच भोकं.
'बघ,' म्हणाले, 'आता कुठं श्वास घेतेय.'

एका रविवारी पांडवलेण्यांवर नेलं.
पायऱ्यांवर दोनदा बसले, गुडघा चोळला,
वर पोचल्यावर मात्र भिंतीपाशी पोरासारखे.
'शिरोरेषा दिसते का कुठं?
दोरी अजून बांधायची होती.
अक्षरं आपली सुटी सुटी, उन्हात टाकलेली.'
ओळ बोटानं धरून चालले ते,
दगडाला न टेकवता, इंचभर लांबून.
कुणी लेणं दिलं, कुणी पाण्याचं टाकं, कुणी शेत.
देणाऱ्यांची नावं शाबूत.

आणि कोरणाऱ्याचं?
सर बाटलीतलं पाणी प्यायले, सावकाश.
'छिन्नी वळते तिथं बघ.
हा माणूस डावरा असावा.'

उतरताना मी धीर केला:
तुमचं तिकीट कुठलं, सर?
पक्षी होता, पूल होता, कुणाचा चेहरा?
'तेव्हा शपथ होती,' म्हणाले.
'आता सवय आहे.'
खाली हायवेवर ट्रक चाललेले,
पाठीवर तिरकी, पिवळी, लफ्फेदार अक्षरं.
त्यातलं एक त्यांना आवडलं असणार,
कारण ट्रक वळणाआड जाईपर्यंत
ते थांबून राहिले.

दुसरी पेटी मी दोन रंगांत केली.
एक हिरवा, एक मोकळा.
काका म्हणाले, पैसे वाचले.
त्या पेट्या कुठं कुठं गेल्या, कुणाच्या फळीवर रिकाम्या झाल्या,
मला कुणी कळवलं नाही.

परवा जुन्या सीबीएसवर, रात्री साडेनऊला,
पेठच्या गाडीची वाट बघत
एक बाई फाडून पसरलेल्या पुठ्ठ्यावर बसली होती,
मांडीवर पोर, लुगड्याखालून
पुठ्ठ्याची कड बाहेर आलेली,
आणि कडेला तेवढाच ख.
चपलेचा बंद नीट करतोय असं दाखवून
मी वाकलो.
तुटला नव्हता.
झोपेत पाय सोडलेल्या पोराची टाच
नेमकी त्याच्या पोटात बसली होती.