थकबाकी

संघटना म्हणायचं नाही, हे पहिल्याच बैठकीत ठरलं.
कायद्यात बसत नाही.
म्हणून वहीच्या पुठ्ठ्यावर 'कल्याण मंडळ',
आत निळ्या शाईत दोनशे अकरा बक्कल नंबर,
महिना वीस रुपये.
मी चिटणीस. म्हणजे वही माझ्या ताब्यात,
चोपडा ठाण्याच्या मुद्देमाल खोलीत,
हातभट्टीच्या जप्त कॅनशेजारच्या कपाटात.

ड्रायव्हर हवालदार रुबाब तडवी
जूनअखेर निवृत्त होतोय.
चौदा वर्षं प्रत्येक दरबारात तोच उठला.
साहेब, लाईनीत सहा नंबरला छताची खपली पाळण्यात पडली.
साहेब, यात्रेच्या बंदोबस्तात बायामाणसं सोळा तास उभी,
साधा आडोसा नाही.
हे तो माझ्यासाठी बोलला होता.
मला सातवा महिना होता
आणि मी खाली मान घालून
स्वतःचे बूट बघत होते.

यातून त्याला मिळालं काय, तर
दोन बदल्या आणि एक लेखी ताकीद.

'सत्कार करू,' बोरोले म्हणाला.
जळगावहून शाल आली, नारळ आला,
ट्रॉफी केळीच्या घडाच्या आकाराची,
शेतकी प्रदर्शनातून उरलेली. स्वस्त पडली.

आदल्या रात्री मानपत्रावर सदस्य क्रमांक टाकायचा म्हणून
मी वही उघडली.
रुबाबच्या नावापुढे तीन वर्षं कोरी.
नियम सहा: बारा महिने वर्गणी थकली
की सदस्यत्व आपोआप रद्द.
नियम त्यानेच सांगितलेला. अक्षर माझं.

आणि खाली ज्यांनी मला तोंडावर ऐकवलं होतं
की मंडळ-बिंडळ नको, साहेबांच्या डोळ्यावर येतं,
तो वसावे, तो राखाडी मिशांचा भंगाळे,
ती नवी भरती झालेली सायका पावरा,
त्यांच्यापुढे दर महिना वीस, वीस, वीस.
सही नाही.
पण दोनाच्या शेपटीला अशी गाठ कोण मारतं
हे गाडीचं लॉगबुक बघितलेल्या कुणालाही ठाऊक आहे.

सकाळी त्याला बॉनेटखाली गाठलं.
'रुबाबभाऊ, तुम्ही मेंबरच नाही.'
फडक्याला हात पुसत हसला.
'मंग सत्कार कसा कराल वो बाई? नियमाबाहेर होईन.'
'सातशे वीस होतात. मी भरते.'
'तू भरशीन, तं मंग मी मंडळाचा नाही, तुझा मेंबर.
ऱ्हाऊ दे.'
आणि परत बॉनेटखाली.

शाल अजून कपाटात आहे. तिला कॅनचा वास लागलाय.

शुक्रवारी नव्या साहेबांचा पहिला दरबार.
रुबाब उठला.
रात्रपाळी करून आलेल्याने सहाची परेड कशी करायची, साहेब?
साहेबांनी चष्मा काढला.
'तुम्ही कोणाच्या वतीने बोलताय?'

पंखा फिरत होता, वारा नव्हता.
बाहेर पंचेचाळीसच्या वर.
रुबाबने क्षणभर माझ्याकडे बघितलं.
खरं उत्तर माझ्या वहीत होतं: कोणाच्याच नाही.

मागे खुर्ची वाजली.
वसावे.
पट्टा सारखा करायला उठला असेल,
पायाला मुंग्या आल्या असतील, मी विचारलं नाही.
पण साहेबांची नजर गेली
आणि आता बसायचं कसं, ते त्याला सुचेना.
मग सायका. मग भंगाळे, गुडघे धरून.
मग बराच वेळ
मला माझे बूट दिसले नाहीत.

साहेबांनी काहीतरी लिहून घेतलं.
काय, ते अजून कळलेलं नाही.
सोमवारी सहाची परेड होतीच.

परेडनंतर वसावे कपाटाशी आला,
वीसची नोट टेबलावर ठेवली.
'कोणत्या महिन्याची लिहू?'
तो नोटेकडे बघत राहिला,
म्हणाला, 'मागून कुठून सुरू होते, ते बघा.'