चार वाजून बारा मिनिटं

विमानं माझी नाहीत.
माझी ही वही, हा टेलिफोन,
आणि धावपट्टीच्या टोकाच्या तीन टाक्या.
टाक्यांत पाणी, खत, डिंक, गेरू.
ट्वायला रोज पहाटे ते मिश्रण
दोन बोटांत चोळून बघते,
मग यंत्र लावते. बोटं आधी, यंत्र नंतर,
असं बावीस उन्हाळे.

विमानं भाड्याची. कंपनी अलाबामात.
उभं राहायचा दर वेगळा, उडायचा वेगळा.
तासाचा दहावा भाग हे आमचं सर्वांत लहान नाणं.
नेवाडातला वारा तेवढा फुकट,
आणि तो दुपारी दोननंतर येतो,
सेजच्या झुडपांना आगीची चटक लावत.

परवा त्याने पूर्वेची टेकडी उचलली.
एक विमान ओरेगॉनने सकाळीच मागून नेलेलं.
राहिलं सत्तेचाळीस.
त्याने चार फेऱ्या केल्या. पाचवीसाठी पोट भरलं,
वैमानिक चढला, पट्टे आवळले,
आणि डेल्मर खाली वाकला.

इथे सगळं लालच असतं.
काँक्रीट लाल, चाकं लाल, आमचे बूट,
ट्वायलाच्या कुत्र्याच्या मिशासुद्धा.
त्या लालात एक लाल थेंब
डेल्मरला वेगळा दिसला.
डेल्मर कंपनीचा माणूस, पगार कंपनीचा.
त्याने थेंबाला बोट लावलं, उभा राहिला,
आणि माझ्याकडे बघून
हाताची फुली केली.

मी घड्याळ पाहिलं. वहीत लिहिलं:
सत्तेचाळीस, अनुपलब्ध, १६:१२.

फोन लगेच आला. गोड आवाज.
"अर्ध्या तासाचं तर काम.
तोवर नुसतं 'उभं' लिहिलंत तर?"
खिडकीतून धूर दिसत होता,
खाली पिवळा, वर विटकरी.
मी म्हटलं, शाई वाळली.
(वाळली नव्हती. मी पेन्सिलने लिहिते.)

अर्ध्या तासाचं काम रात्रभर चाललं.
डेल्मर विमानाच्या पोटाखाली उताणा,
ट्वायला बॅटरी धरून.
कोणी काही बोललं नाही.
रेडिओ बोलत होता: कडं तुटलं,
आग ओढा ओलांडून आली,
एचेवेरींचं गवताचं कोठार गेलं. मेंढ्या वाचल्या.

सकाळी आर्नो एचेवेरी स्वतः आला.
सत्तरीचा. भुवया जळलेल्या,
त्यामुळे सारखा चकित झाल्यासारखा दिसत होता.
"पाच वाजता विमान का आलं नाही?"
त्याने ओरडायला हवं होतं.
मी वही त्याच्यापुढे सरकवली.
त्याने चष्मा शोधला, सापडला नाही,
वही हातभर लांब धरून
एकच ओळ वाचली. पुन्हा वाचली.
मग विचारलं, "थेंब कुठेय?"

डेल्मरने कागदी पेल्यात जपून ठेवला होता,
चमचाभर, तोवर तेवढा झालेला.
म्हाताऱ्याने दोन बोटांत घेतला, चोळला,
अगदी ट्वायला चोळते तसा.
मिश्रण बोटाला धरून राहतं.
हे निसटत होतं.
"तेल आहे," तो म्हणाला.
"हो," डेल्मर म्हणाला.
"चाकांचं?"
"चाकांचं. आणि दाराचंही. पोटाचं दार
अर्धवट उघडून अडकलं असतं, तर—"
त्याने वाक्य सोडून दिलं.

आर्नोने बोटं पँटला पुसली.
त्या पँटवर अजून कोठाराची राख होती.
माफ केलं, असं काही तो म्हणाला नाही.
पेला टेबलावर ठेवला, माझ्या वहीपासून
थोडा लांब, डाग पडू नये म्हणून,
आणि विचारलं, मेंढ्यांना दोन दिवस
तुमच्या कुंपणामागचं पाणी चालेल का.

नियमात मेंढ्यांबद्दल काहीच नाही.
मी दोनदा बघितलं.

अकरा वाजून पाच.
डेल्मरने अंगठा वर केला.
कंपनीचे किती डॉलर कापले जाणार
याचा हिशोब मी दुपारी करीन,
दहाव्या भागापर्यंत.
आत्ता कुंपणाशी दीडशे तोंडं पाणी पितायत,
इंजिन सुरू झालं, तरी
एकानेही मान वर केली नाही.