व्हाइटनर

पवननगरच्या माझ्या दुकानात
निकमांचा भूपेश आठवड्यात तिसऱ्यांदा आला.
व्हाइटनर द्या, काकू.
मी म्हटलं, नववीत एवढ्या चुका
करतोस तरी कुठे?
तो हसला नाही.
बाहीला उग्र वास,
डोळे सातपूरच्या रात्रपाळीवरून
नुकतेच सुटल्यासारखे.

बाटल्या मी फळीवरून गल्ल्याखाली ढकलल्या.
समोरच्याकडे मिळतील, ठाऊक होतं.
तिकडेही जाऊन आले, भांडून.

चौथ्यांदा आला तेव्हा
स्टूल सरकवलं, उधारीची वही दिली:
बेरीज कर, चष्मा सापडत नाहीये.
चष्मा डोक्यावरच होता. त्याने पाहिला,
बोलला नाही.

सातव्या ओळीत चुकला.
थरथरत्या हाताने खोडायला काहीतरी शोधू लागला.
म्हटलं, नुसती रेघ मार.
खालचं दिसलं तरी चालतं.
अजून बारा पानं आहेत.