जस्ताची पाटी

आमच्या प्लांटमध्ये नायट्रिक टनांवर मोजतात,
निमिषाच्या गॅरेजात चहाच्या कपानं.
काम तसं एकच:
कुठं काय किती खाल्लं जातंय
ते बघत उभं राहायचं.

अठराव्या वर्षी दोन फॉर्म भरले होते.
बाबा प्रतापनगरला रेल्वेच्या भांडारात,
नट-बोल्ट मोजून मोजून बोटं चपटी झालेली.
म्हणाले, चित्रं कुठं पळून जातात का गं?
आधी पगार बघ.
मग मी कलाभवनात गेले,
बडोद्यात इंजिनियरिंगच्या कॉलेजचं नाव कलाभवन आहे,
यावर मी वीस वर्षं हसते आहे,
कधी कधी बसमध्ये एकटीच.

पावणेसहाची बस, दांडिया बाजारचा नाका.
थर्मास, हेल्मेट, डब्यात थेपले आणि लसणाची चटणी.
छाणी ओलांडली की चिमणी दिसते.
धूर पांढरा असेल तर दिवस बरा.
तांबूस दिसला तर मी धावते,
ऋजुताबेन, ऋजुताबेन, वॉकीटॉकीवर माझ्या नावाचा खडखडाट.

शनिवारी मकरपुऱ्यात तोच तांबूस वास
पाटीवरून उठतो, बोटभर,
आणि मी धावत नाही.
कबुतराचं पीस घेते,
रेघांवर साचलेले बुडबुडे हलकेच बाजूला सारते.
नाहीतर आम्ल त्यांच्याखाली नीट पोचत नाही,
रेघ अर्धवट राहते.
हे पीस कुठल्या मॅन्युअलमध्ये नाही.

सोमवारी पत्र आलं.
दहेजच्या नव्या प्लांटची मुख्य.
गाडी, बंगला, फोन रात्रंदिवस चालू.
गुरुवारपर्यंत कळवा.
अभिनंदन करायला तीन मजले खाली उतरून आले
ते लोक, जे मला कधी लिफ्टमध्येही ओळखत नव्हते.
आईनं पेढे आणले. मी खाल्ले. चांगले होते.

खोटं कशाला बोलू, मला हवं होतं ते पद.
मुख्य. दारावर पितळी पाटी. माझी सही शेवटची.
बुधवारी रात्री मी हिशेब मांडला,
घराचे हप्ते, बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन,
आणि समोरच्या रकान्यात काय लिहावं ते सुचेना.
शनिवार, लिहिलं. खोडलं. पुन्हा लिहिलं.

त्याच्या आदल्याच शनिवारी
काळ्या घोड्याच्या पुलाखालची मगर कोरत होते,
विश्वामित्रीच्या चिखलावर ऊन खाणारी.
एका कोपऱ्याला रोगण लावायचं राहून गेलं.
आम्लानं तिथं ओरबाडून खाल्लं.
प्लांटमध्ये यावर तीन पानी अहवाल असता:
मूळ कारण, जबाबदार व्यक्ती, पुन्हा घडू नये म्हणून उपाय.
निमिषानं शाई चोळली, जाळीनं पुसली,
ओला कागद ठेवला, चाक फिरवलं,
कागद उचलला आणि काहीच बोलली नाही.
कोपऱ्यात पाणी आलं होतं.
गढूळ, जड, मला कधी काढता न आलेलं.

गुरुवारी सकाळी नाही असं लिहिलं.
कारणाच्या चौकटीत: वैयक्तिक.
साहेब म्हणाले, घरी काही प्रॉब्लेम?
म्हटलं, हो, थोडासा.
नोकरी सोडलेली नाही. एवढं धाडस नाही माझ्यात,
आणि ती चिमणी, खरं सांगायचं, मला आवडते.
बाबांना अजून सांगितलं नाही.
त्यांना विचारायचंय:
चित्रं नाहीत पळून गेली, तुमचं बरोबर,
पण वीस वर्षं ती
जेवली कुठं?

आज पहिली पाळी.
परिमल व्हॉल्व्ह दाखवता दाखवता थांबला,
बेन, नखांत ग्रीस गेलंय तुमच्या.
धुतलं तरी जात नाही ते, म्हटलं,
आणि गॉगल चढवून
वर धुराकडे बघितलं.
पांढरा.