ओळ एकशे बारा

ऑर्डवे काउंटीच्या कोर्टहाउसचं छप्पर
माझ्या ताब्यात आहे.
म्हणजे त्याची ओळ. अंदाजपत्रक, ओळ एकशे बारा:
पुढे ढकललेली डागडुजी.
नऊ वर्षं मी तिला दर जूनमध्ये
पुढच्या पानावर नेऊन ठेवते,
झोपलेलं मूल दुसऱ्या खोलीत न्यावं तसं,
जागं होऊ न देता.

मार्चमध्ये रोख्यांसाठी मतदान झालं.
एक्केचाळीस मतांनी छप्पर पडलं
(कागदावर. खरं अजून उभं आहे).
मक्याला भाव नव्हता, शाळेला बस हवी होती,
आणि कोर्टाची पायरी चढायची हौस
इंडियानातही कुणाला नसते.
कमिशनर म्हणाले, पुढच्या वर्षी बघू.
मी टाइप केलं.

आज सही आणायला दुसऱ्या मजल्यावर गेले
तर सुनावणी चालू. मागच्या बाकावर टेकले.
शर्लीन प्रुइट, तीन महिन्यांचं भाडं थकलेलं.
ती म्हणाली, पाळण्यावर पाणी येतं.
घरमालक म्हणाला, पैसे आले की करणारच होतो.
टप्.
जज हॉलेनबेक थांबले.
झेंड्याच्या काठीशी वर्लिन स्टकीची बादली,
आवाज होऊ नये म्हणून तळाशी टॉवेल.
टॉवेल केव्हाच बुडाला होता.

टप्.
स्टेनोबाईंनी ते नोंदवलं नाही.
जजनी चष्मा पुसला.
तीस दिवसांत छप्पर दुरुस्त करा,
तोवर भाडं कोर्टात जमा होईल.
आणि पैसे नाहीत, हे उत्तर होत नाही.
हे म्हणताना त्यांनी वर पाहिलं नाही.
मीही नाही.

माझ्या भाषेत एक शब्द आहे, शाकारणे.
तो मिरगाच्या आधीच उच्चारायचा असतो.
त्याला पुढचं पान नसतं.
इथे कुणाला सांगू?

पाच वाजता वर्लिन बादली घेऊन जिना उतरत होता.
लिफ्ट बंद, ओळ एकशे अठरा.
त्याचा गुडघा कुठल्याच ओळीत नाही.
मी दार धरलं.
त्यानं पाणी जिरेनियमच्या कुंडीत ओतलं,
उरलेलं पायरीवर.
किती होतं, मी विचारलं.
पाऊण बादली, तो म्हणाला. का? लिहून ठेवणारेस?

मी पुन्हा वर गेले, संगणक लावला.
ओळ एकशे बारा. शेवटचा रकाना, शेरा,
नऊ वर्षं कोरा.
लिहिलं:
आज पाऊण बादली.