सत्तावीस, सव्वा

पाचकंदीलच्या मागे भांड्यांची ओळ संपते,
तिथे भिकन पिंजारीचं दुकान:
एक पत्रा, घमेल्यात पाणी, आढ्याला टांगलेले टायर.
तो सायकल उलटी करतो, हँडल जमिनीवर.
तशी ती मला नेहमीच जरा लाजलेली वाटते.

जुन्या टायरची कड तो नखाने वाचतो.
अक्षरं झिजली, तरी बोटाला लागतात,
सत्तावीस गुणिले सव्वा.
"अक्का, हाई माप आते कोन वापरस?"

मी वापरते.
सत्त्याऐंशीपासून.
पाटबंधारे खात्याचे पहिले तीन पगार घालून घेतली,
तेव्हा देवपुरात म्हणायचे,
ही पोरगी मेंढ्याची शिंगं धरून
रोज सकाळी कुठे निघते?
लळिंगपर्यंत. घाट चढून परत.
आठच्या आत, म्हणजे ऑफिसला वेळ उरायचा.

भिकनचा नातू मोबाइल पुढे करतो:
सातशे बाय पंचवीस, अठ्ठावीस, बत्तीस,
सगळं परवापर्यंत घरपोच.
"काकू, सातशे म्हणजे जवळजवळ तेच."
जवळजवळ.
आठ मिलिमीटरचा फरक,
गव्हाच्या दाण्याहून थोडा जास्त.
पण रिम म्हणजे काही व्याही नव्हे
जवळजवळवर भागवून घ्यायला.

मग भिकन शिडी लावतो.
माळ्यावरून एक पुडकं येतं,
वर्तमानपत्रात, सुतळीने बांधलेलं:
बरोबर मापाची जोडी, तपकिरी कडांची,
माझ्या पहिल्या जोडीसारखी.
मी हात लावणार, तोच तो एक टायर वाकवून दाखवतो.
कडेला भेगा, टाचेला पडतात तशा.
एकदाही रस्ता न बघता.
"रबर बसी बसी बी म्हातारं व्हस, अक्का."
मी निवृत्त होऊन दोन वर्षं झाली.
मी घमेल्यातल्या पाण्याकडे बघत राहिले.

चिमट्यात त्याने करंगळी घातली. गेली.
अंगठा अडला.
म्हणजे फार जाड चालणार नाही,
आणि फार बारीक मला चालणार नाही:
मे महिन्यात डांबर पाघळतं,
सर्व्हिस रोडला सराटे, वेड्या बाभळी,
आणि माझं वजन आता
त्या तीन पगारांच्या काळातलं नाही.

जुन्या टायरच्या आतून तो अंगठा फिरवतो,
सावकाश, दाण्यातला खडा शोधावा तसा.
एक सराटा. एक तारेचा तुकडा.
आणि एक बाभळीचा काटा, पिवळा पडलेला,
ट्यूबच्या केसभर अलीकडे थांबलेला.
किती वर्षं?
त्याला ठाऊक नाही, मलाही.
एवढ्या जवळ येऊन हा कुणासाठी थांबला होता?
भिकनने तो फुंकून टाकला.

लुधियानाहून माल यायला अकरा दिवस लागले.
आला तोही विजोड:
एक तपकिरी कडेचा, पातळ, गुळगुळीत,
एक काळा, जाड, नक्षी खोल.
मी म्हटलं, परत पाठव.
तो म्हणाला, राहू दे, अशीच हवी होती जोडी.
चांगला पुढे बसव, दणकट मागे.
"पुढला फुटना ते तोंडवर पडशी,
मांगला फुटना ते फक्त उशीर व्हई."

उशिराचं मला आता काही नाही.

पंप मारताना त्याने व्हॉल्व्हवर थुंकी लावली,
बुडबुडा आला नाही.
पैसे देताना नातू म्हणाला,
काकू, पुढून एक रंग, मागून एक, कसं दिसतं?
मी म्हटलं, एका वेळी दोन्हीकडून
कोण बघतंय रे.

नव्या टायरला रबराची बारीक लव असते.
पहिल्या दोन-चार मैलांत ती रस्त्यावर
टिकटिक, टिकटिक वाजते.
आज आग्रा रोडला कडेकडेने निघाले,
ट्रक गेले, उसाची बैलगाडी गेली.
टिकटिक लळिंगच्या पायथ्याशी कधीतरी थांबली.
कुठे, ते कळलं नाही.
मी गिअर बदलत होते.